'मात' कशावर?

परवा नातीला शाळेतून निबंध दिला होता, 'माझा आवडता खेळाडू'. तिने दीपा मलिक निवडल्या. मला बरं वाटलं. पण पहिलंच वाक्य, "जिद्दीच्या जोरावर अपंगत्वावर मात करणाऱ्या..." मी 'मात' खोडलं. पोरगी चिडली. "आजी, पेपरात असंच असतं!" असतंच की. म्हणून तर लिहायला बसले.

मंडळी, मात कसली? १९९९ साली मणक्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, छातीखालचं शरीर लुळं पडलं, ते आजही तसंच आहे. नवरा लष्करात, तेव्हा कारगिलच्या युद्धात. पुढे नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) बाईंनी हॉटेल चालवलं, पोहायला लागल्या, २००६ मध्ये क्वालालंपूरला पोहण्यात रौप्यपदक घेतलं. मग भाला, थाळी, गोळा. २०१६ साली रिओला ४.६१ मीटर गोळा टाकून रौप्य. पॅरालिम्पिकमध्ये पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. वय ४५!

कुणी म्हणेल, चार-साडेचार मीटर म्हणजे काय मोठं? खुर्चीत बसा, पाय नाहीत, पोट-कंबरेत ताकद नाही असं धरा, आणि फेकून बघा. बैठक जमिनीला पक्की बांधलेली असते. सगळं बळ खांद्यातून आणि हातातून. याला कसब म्हणतात, सराव म्हणतात. आपण मात्र 'जिद्द' म्हणून मोकळे होतो. कारण जिद्द तिची तिने आणायची असते. उतार, तलाव, प्रशिक्षक, जायला-यायला गाडी हे दुसऱ्यांना द्यावं लागतं.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. तिथपासून पहिल्या बाईच्या पदकापर्यंत ४४ वर्षं. एवढ्या वर्षांत आमच्या एकाही मुलीत जिद्द नव्हती?

माझ्या वर्गात एक होती. पोलिओ, दोन्ही पायांत कॅलिपर. खेळाच्या तासाला मी तिला दप्तरं राखायला बसवायची. तीन वर्षं! आणि तेही मायेनं बरं का, पोरीला त्रास नको म्हणून. शेवटच्या बाकावरून खडूचा तुकडा नेमका कचऱ्याच्या डब्यात टाकायची, त्यावरून मी तिला दोनदा रागावलेही होते. शाळेत गोळा होता. कपाटात. तो तिच्या हातात द्यावा असं मला कधी सुचलं नाही. तेव्हा कुणी मला विचारलं असतं, तर मीही म्हटलं असतं, तिच्यात जिद्द कमी आहे.

२०२४ ला पॅरिसमध्ये सुमित अंतिलच्या बरोबरीनं तिरंगा धरला तो नांदेडच्या भाग्यश्री जाधवनं. तीही बसूनच गोळा फेकते. तिच्यासाठीही आपल्याकडे तोच एक शब्द.

असो. नातीने शेवटी लिहिलं, "त्या व्हीलचेअरवर बसून खेळतात." काल वही तपासून आली. बाईंनी वाक्याखाली लाल रेघ ओढून वर लिहिलंय, 'मात करून'.