पहिल्या गोळीवरून निकाल नको

एका वाचक भगिनींनी पत्र पाठवून एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या भाच्याने क्लबातील सरावासाठी बरेच पैसे खर्चून आपल्या पॉइंट टू टू (.२२) रायफलीवर नवी दुर्बीण बसविली. ५० मीटरवरील पहिलीच गोळी लक्ष्याच्या मध्यापासून वीतभर दूर गेली. त्याने दुर्बिणीची गुंडी फिरवून दुरुस्ती केली. तर पुढची गोळी दुसऱ्याच बाजूस गेली. तासाभरात काडतुसांचा डबा संपला, मुलगा हिरमुसला, आणि आता दुकानदाराने फसविले की मुलाचाच हात बसत नाही, याविषयी घरात दोन पक्ष पडले आहेत. दुर्बीण परत करावी की मुलाने नाद सोडावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

पूर्वी संस्थानी मुलुखातील घरांत बंदूक म्हटली की शिकार आठवत असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी तो अध्याय मिटविला. आता रायफलीचे योग्य स्थान म्हणजे चांदमारीचे मैदान, आणि तेथे मराठी नावे आदराने घेतली जातात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. या स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्रातून नेम धरावा लागतो. तथापि नेम जुळविण्याचे शास्त्र दोहोंसाठी एकच आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की दुर्बीण गोळीला दिशा देत नाही. दिशा नळी देते. दुर्बीण केवळ नेमबाजाच्या दृष्टीची रेषा ठरविते, आणि या दोन रेषा आपोआप जुळत नाहीत. दुर्बीण ज्या दोन कड्यांत बसते त्यांच्यामध्ये साधारण १० सेंटिमीटर अंतर असते. त्यांपैकी एक कडे मिलिमीटरच्या केवळ दहाव्या हिश्शाने सरकलेले असले, तरी ५० मीटरवर नेम ५ सेंटिमीटरांनी चुकतो. म्हणून पहिली गोळी वीतभर दूर गेली यात नवल नाही, आणि तो दुर्बिणीचा दोष आहे असेही त्यावरून ठरत नाही.

दुसरी गोष्ट गुरुत्वाकर्षणाची. या रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. ५० मीटर जाईपर्यंत ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. शिवाय दुर्बीण नळीच्या वर चारेक सेंटिमीटर बसविलेली असते. म्हणून नळीचे तोंड किंचित वर रोखावे लागते. मग गोळी पंधरा-वीस मीटरवर दृष्टीच्या रेषेला खालून छेदते, थोडी वर चढते, आणि ५० मीटरवर पुन्हा तिला येऊन मिळते. या दुसऱ्या भेटीची जागा ठरविणे म्हणजेच रायफल 'झिरो' करणे. ही भेट ठरलेल्या अंतरापुरतीच असते. तीच रायफल १०० मीटरवर रोखली, तर गोळी वीतभर खाली लागेल.

आता कृती. रेंजवरील प्रमुखांच्या अनुज्ञेने, नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून रायफल रिकामी असल्याची खात्री करावी व बोल्ट काढून घ्यावा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून मागच्या बाजूने नळीतून पाहावे आणि २५ मीटरवरील लक्ष्य नळीच्या मध्यभागी आणावे. मग रायफल न हलविता दुर्बिणीतील फुली त्याच ठिकाणी येईल अशा रीतीने गुंड्या फिरवाव्या. एवढ्याने एकही काडतूस न उडविता मोठी चूक निघून जाते. कड्यांचे स्क्रू त्यापूर्वीच, एकेक थोडा थोडा आळीपाळीने, सारख्या जोराने आवळलेले असावेत.

यानंतर ५० मीटरवर एकाच डब्यातील पाच गोळ्या झाडाव्या, आणि कितीही मोह झाला तरी मध्ये गुंडीला हात लावू नये. पाचांचा जो पुंजका पडेल, ज्याला रेंजवर 'ग्रुप' म्हणतात, त्याचा मध्य काढून त्यावरूनच दुरुस्ती करावी. कोनाच्या एका अंशाचे ६० भाग केले की प्रत्येकास कला म्हणतात. पुष्कळ दुर्बिणींत गुंडीच्या एका टिकटिकीने फुली पाव कला सरकते. म्हणजे ५० मीटरवर सुमारे ३.६ मिलिमीटर. पुंजक्याचा मध्य ३६ मिलिमीटर डावीकडे व ५४ मिलिमीटर खाली असेल, तर १० टिकटिक्या उजवीकडे व १५ वर. मग पुन्हा पाच गोळ्या. दोन-तीन फेऱ्यांत काम आटोपते.

प्रत्येक गोळीनंतर दुरुस्ती का करू नये? कारण प्रत्येक गोळीत श्वासाची, चाप ओढण्याची आणि दारूच्या वजनाची काही ना काही आकस्मिक चूक असते, आणि ती पुढच्या गोळीत तशीच येत नाही. गेल्या गोळीच्या चुकीवर औषध म्हणून गुंडी फिरविली, की ती जुनी चूक उलट दिशेने नव्या चुकीत मिसळते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग हे नरसाळ्यातून गोट्या टाकून हाच नियम दाखवीत असत. प्रत्येक गोटीनंतर नरसाळे हलविले, तर गोट्यांचा पसारा कमी न होता सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. आपल्या भाच्याच्या बाबतीत नेमके हेच घडलेले दिसते. त्याचा हात वाईट असल्याचा पुरावा पत्रात कोठेही नाही. घाई झाल्याचा मात्र आहे.

दुर्बीण खरोखर सदोष आहे काय, हे पाहण्याची कसोटी निराळी आहे. झिरो केल्यावर एक ग्रुप पाडावा. मग नेम त्याच ठिपक्यावर ठेवून गुंडी २० टिकटिक्या उजवीकडे, नंतर २० वर, मग २० डावीकडे आणि शेवटी २० खाली फिरवीत प्रत्येक ठिकाणी एक ग्रुप पाडावा. कागदावर सुमारे ७ सेंटिमीटर बाजूचा चौकोन उमटावयास हवा आणि पाचवा ग्रुप पहिल्यावर येऊन बसावयास हवा. तसेच रिकामी रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून फक्त डोळा डावी-उजवीकडे हलवावा; फुली लक्ष्यावरून सरकू लागली, तर ती दुर्बीण त्या अंतरासाठी जुळलेली नाही. डोळा मात्र काचेपासून चार बोटे दूर असावा. पॉइंट टू टूचा धक्का सौम्य असतो. मोठ्या रायफलीच्या धक्क्याने दुर्बीण भुवईला लागून जखम होते.

स्क्रू घट्ट असून, काडतुसे एकाच डब्यातील असून आणि ग्रुप एरवी लहान पडत असूनही चौकोन वारंवार मोडत असेल, तर दुर्बीण अवश्य परत करावी आणि तारखा घातलेले ते कागद दुकानदारापुढे ठेवावेत. अशा कागदांपुढे वादाला जागा राहत नाही. मात्र ग्रुपच पसरट पडत असेल, तर प्रथम स्क्रू तपासावे, मग काडतुसे बदलून पाहावी, मग प्रशिक्षकांकडून श्वास व चाप पाहून घ्यावा. काचेवर आळ सर्वांत शेवटी.

भाच्याला आणखी एक सांगावे. झिरो कायमचा नसतो. काडतुसांचा साठा बदलला, दुर्बीण एकदा उतरविली अथवा अंतर बदलले, की तो पुन्हा पाहावा लागतो. म्हणून एक छोटी वही ठेवावी आणि तीत दिनांक, अंतर, काडतुसे, टिकटिक्यांचा आकडा व हवामान नोंदवावे. आणि घरातील दोन्ही पक्षांनी त्या वहीची निदान दहा पाने भरेपर्यंत आपला निकाल राखून ठेवावा.