'जैसे थे' म्हणायची सोय

ड्रिलमधला एक हुकूम मला फार आवडतो: 'जैसे थे'. खडकवासल्याला परेड ग्राउंडवर कुणाचा पाय चुकला, कुणी हुकूम पुरता ऐकायच्या आत वळला, की उस्ताद ओरडायचे, "जैसे थे!" सगळी तुकडी होती तिथे परत. चूक झाली, पण काही मोडलं नाही, पुन्हा पहिल्यापासून. एनडीएतून बाहेर पडून वीसहून जास्त वर्षं झाली. या हुकमाची खरी किंमत मला कळली ती एका कॉम्प्युटरसमोर, रात्री साडेअकराला.

गोष्ट मागच्या पोस्टिंगमधली. आसामात, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर. तिथला पावसाळा कागदाला खातो. पलटणीच्या जुन्या फोटोंना बुरशी धरू लागली, म्हणून आम्ही ते स्कॅन करायला घेतले. स्थापना दिवस चार महिन्यांवर होता. निवृत्त जवानांनाही निरोप गेले की घरी असतील ते फोटो पाठवा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून सीड्या येऊ लागल्या. वेल्फेअरच्या कामासाठी ठेवलेल्या, कुठल्याही नेटवर्कला न जोडलेल्या एका कॉम्प्युटरवर बघता बघता अकरा हजारांवर फाइली जमल्या. 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर २', त्यात 'फायनल', त्यात 'फायनल नवीन'. एकच फोटो चार ठिकाणी, आणि चारही नावं वेगळी.

आमचा क्लार्क बिचारा एकेक नाव बदलत बसला होता. दिवसाला दोनशे. मी म्हटलं, थांब, हे काम माणसाचं नाही. एनडीएत मी कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं. जेएनयूची ती पदवी अजून ट्रंकेत आहे. त्या मशीनवर लिनक्स होतं. शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची लेखी यादी. 'फाइंड' ही आज्ञा फोल्डरच्या आत, त्याच्याही आत, पार तळापर्यंत जाऊन एकेक फाइल हुडकते आणि 'एमव्ही' तिचं नाव बदलते. मी नियम लिहिला: इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंब सोडून नावात जे काही असेल ते काढून टाक. पंधरा ओळी झाल्या. एंटर दाबलं. मिनिटभरात सगळं काम संपलं आणि मी खुशीत झोपायला गेलो.

सकाळी सुभेदार साहेब म्हणाले, "साहेब, गावाकडून आलेल्या फोटोंचं फोल्डर रिकामं दिसतंय."

काय झालं होतं ते कळायला मला पाच मिनिटं लागली आणि पचायला बराच काळ. घरच्या मंडळींनी फोटोंना नावं मराठीत दिली होती. माझ्या नियमाप्रमाणे मराठी अक्षर म्हणजे कचरा. देवनागरी आकडेही कचरा. सगळं झाडून गेल्यावर मागे उरलं फक्त '.जेपीजी', तेही इंग्रजीत. लिनक्समध्ये टिंबाने सुरू होणारी फाइल नेहमीच्या यादीत दिसत नाही, म्हणून फोल्डर रिकामं. त्याहून वाईट पुढे होतं. पहिल्या फोटोचं नाव '.जेपीजी' झालं, दुसऱ्याचंही तेच झालं, आणि 'एमव्ही'ने न विचारता दुसरा पहिल्यावर चढवला. मग तिसरा दुसऱ्यावर. त्रेसष्ट फोटोंचा एक फोटो उरला. बॅकअप नव्हता. सीड्या परत पाठवून झाल्या होत्या. मी स्वतःला सांगितलं होतं, 'नुसती नावंच तर बदलतोय.'

फोन करून करून बहुतेक फोटो परत मिळवले. एक मात्र अर्धाच मिळाला. १९७१ च्या लढाईनंतर काढलेला, नऊ जवानांचा. ज्यांनी तो पाठवला त्या निवृत्त हवालदारांनी नातवाला तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत बसवून फाइलच्या नावातच 'डावीकडून' असं लिहून नऊ आडनावं टाइप करून घेतली होती. आमचा फोन गेला तेव्हा हवालदार जाऊन तीन आठवडे झाले होते. मूळ फोटो घरात होता. नातवाने पुन्हा पाठवला. पण नावं त्याला आठवत नव्हती आणि फोटोच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं. आज तो फोटो आमच्या पलटणीत लावलेला आहे. नऊ चेहरे आहेत. चारांची नावं आम्हाला कळली आहेत.

आता माझं मत सांगतो. हा किस्सा ऐकून आमच्या एका मित्राने निष्कर्ष काढला की असली कामं हातानेच करावीत. मला ते पटत नाही. अकरा हजार नावं हाताने बदलायला लावणं ही क्लार्कला शिक्षा आहे, आणि थकलेला माणूसही चुकतो. स्क्रिप्ट हेच योग्य हत्यार आहे. चुकला तो हुकूम देणारा. जवान चुकीचा हुकूम ऐकला तर निदान डोळे मोठे करून बघतो, आणि चांगला सुभेदार "साहेब, एकदा बघून घेऊ का?" म्हणतो. स्क्रिप्ट तसं म्हणत नाही. म्हणून ते 'एकदा बघून घेणं' आपणच तिच्यात लिहावं लागतं.

कुठल्याही कारवाईआधी आपण सँड मॉडेलवर तालीम करतो. स्क्रिप्टची तालीम सोपी आहे. 'एमव्ही'च्या आधी 'एको' शब्द टाका. मग ती काही बदलत नाही, काय बदलणार ते नुसतं वाचून दाखवते. मी ही तालीम केली असती तर त्रेसष्ट वेळा '.जेपीजी' वाचून कुणाच्याही लक्षात आलं असतं. तालमीआधी पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि प्रयोग त्या प्रतीवर करायचा. 'एमव्ही'ला 'उणे एन' लावलं की आधीच असलेल्या फाइलीवर ती दुसरी चढवत नाही, मुकाट्याने सोडून देते. म्हणून कामाआधी आणि कामानंतर फाइली मोजायच्या, आणि कुणाचं नाव बदलायचं राहिलं तेही बघायचं. रोल कॉल होतोच ना, तसा. नावात स्पेस असते, म्हणून स्क्रिप्टमध्ये नाव अवतरणचिन्हांत ठेवायचं, नाहीतर एका नावाचे दोन तुकडे होतात. फोल्डरांचीही नावं बदलायची असतील तर 'फाइंड'ला 'उणे डेप्थ' सांगायचं, म्हणजे ती तळापासून वर येते. वरच्या फोल्डरचं नाव आधी बदललं तर आतल्यांचा पत्ताच चुकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी लिहिलेली एक साधी यादी स्क्रिप्टनेच आधी लिहून ठेवायची आणि मगच नाव बदलायचं. हेच कॉम्प्युटरवरचं 'जैसे थे'. ही यादी उलटी चालवली की सगळी नावं मूळ जागी. ज्या स्क्रिप्टमध्ये ही सोय नाही ती चालवायची नाही, मग लिहिणारा कितीही मोठ्या हुद्द्याचा असो.

मराठी नावांबद्दल वेगळं सांगायला हवं. ही तयार हत्यारं बनवताना आपली अक्षरं बहुधा कुणाच्या डोळ्यांसमोर नसतात. पायथनमध्ये नेहमीच्या पद्धतीने 'फक्त अक्षरं आणि आकडे ठेव' म्हटलं, तर काना, मात्रा, वेलांटी, उकार गळतात, कारण त्यांची गणना तिथे अक्षरांत होत नाही. 'सातारा'चं 'सतर' होतं, 'कोल्हापूर'चं 'कलहपर'. दुसरी अडचण लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम ८५ चिन्हं. म्हणून फोटोत कोण कोण आहे ती माहिती शेजारी एका मजकुराच्या फाइलीत लिहा. नावात साल आधी टाका, मग महिना, मग दिवस. आपल्याला फौजेत तारीख आधी लिहायची सवय. पण साल आधी असेल तरच फाइली आपोआप काळाप्रमाणे रांगेत उभ्या राहतात.

नावाची किंमत फौजेला नवीन नाही. कागदावर एक अक्षर इकडचं तिकडे झालं म्हणून फॅमिली पेन्शनसाठी ऑफिसांच्या पायऱ्या चढणाऱ्या वीरपत्नी मी पाहिल्या आहेत, त्यांच्या अर्जांवर सह्याही केल्या आहेत. तेव्हा मला त्या चुका करणाऱ्याचा राग यायचा. त्या रात्री मी एका मिनिटात त्रेसष्ट नावं पुसली, तीही नीटनेटकेपणाच्या हौसेने. नव्या पोस्टिंगवर गेलेल्या अफसराला ही हौस असतेच. आधीच्या साहेबाची रचना त्याला पसारा वाटते. असेलही पसारा. पण त्यात काय आहे ते वाचल्याशिवाय झाडू हातात घेऊ नये, आणि घेतलाच तर परतीची वाट आधी करून ठेवावी.

निवृत्त मंडळींना एक विनंती. पीपीओ, डिस्चार्ज बुक, जुने फोटो स्कॅन करून मुलांच्या कॉम्प्युटरवर असतील, तर ते 'साफ' करायच्या आधी मुलांना हा लेख वाचायला द्या. आणि आमच्या त्या फोटोतल्या उरलेल्या पाचांपैकी कुणी तुमच्या घरातलं असेल, तर पलटणीला कळवा. नावं मराठीतच लिहा. आता ती पुसली जाणार नाहीत.