ठोके लाखभर, प्राणी चार

नव्या औषधाने हृदयाची लय बिघडते काय, हे ते माणसाला देण्यापूर्वी पेशींवर आणि प्राण्यांवर तपासावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक २००५ मध्ये आला. तोवर ॲलर्जीवरील टर्फेनाडिन आणि छातीतील जळजळीवरील सिसाप्राइड ही औषधे अमेरिकी बाजारातून बाद होऊन काही वर्षे लोटली होती. भारतात तर सिसाप्राइडवर बंदी यायला २०११ साल उजाडले. ही औषधे हृदयपेशींतील ‘हर्ग’ नावाची पोटॅशियम वाहिनी अडवतात. त्यामुळे हृदयालेखावरील क्यू तरंगाच्या आरंभापासून टी तरंगाच्या शेवटापर्यंतचा काळ, म्हणजे क्यूटी अंतर, लांबते आणि क्वचित प्राणघातक अतालता ओढवते.

हे अंतर मोजण्यापेक्षा त्याचा अर्थ लावणे अवघड, कारण ठोके जलद पडू लागले की ते आपोआप आखडते. बॅझेट यांच्या १९२० च्या सूत्रात क्यूटीला दोन ठोक्यांमधील काळाच्या वर्गमुळाने भागतात. ते कुत्र्याच्या हृदयाला लावले तर दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते आणि केवळ नाडी वाढवणारे औषधही दोषी ठरू शकते. म्हणून प्रत्येक प्राण्याच्या औषधाविना घेतलेल्या नोंदींवरून त्याचे स्वतंत्र समाश्रयण, म्हणजे नाडी आणि क्यूटी यांचे नाते सांगणारी रेषा, काढली जाते.

खरी गफलत पुढे होते. मिनिटाला ८० ठोके धरले तर एका कुत्र्याच्या अंगात बसवलेल्या, हृदयाच्या नोंदी पाठवणाऱ्या प्रक्षेपकाकडून दिवसाला एक लाख पंधरा हजार ठोक्यांची नोंद मिळते. पण प्रयोगात कुत्रे बहुधा चार ते आठच असतात आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी सर्व मात्रा आळीपाळीने दिल्या जातात. लाखो ठोके परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर क्षुल्लक फरकही सार्थ भासू लागतो. एकाच घडाच्या फण्या तोलून वाणाचा निकाल देता येत नाही, हे रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेत मात्र ते सांगावे लागते. प्राण्या-प्राण्यांमधील फरक आणि एकाच प्राण्यातील चढउतार वेगळे मोजणारे संमिश्र प्रतिमान वापरणे, हा यावरचा मार्ग. उलट, ‘फरक आढळला नाही’ या निष्कर्षालाही दहा मिलिसेकंदांची वाढ ओळखण्याची प्रयोगाची कुवत होती काय, हे कळल्याखेरीज किंमत नसते. त्या आंतरराष्ट्रीय दंडकावरील २०२२ च्या प्रश्नोत्तरांत या संवेदनशीलतेवर भर आहे, तो उगाच नव्हे.

खानदेशाचा संबंध येथे येतो, कारण औषधशास्त्र आणि संख्याशास्त्र, दोन्ही या भागात हाताशी आहेत. शिरपूरची आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्था १९९२ पासूनची आहे आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. देशभरच्या औषधशास्त्रीय प्रबंधांत गटामागे सहा उंदीर ही रूढी आहे. परंतु प्रत्येक ठोक्यानंतर उंदराच्या हृदयपेशींचे विद्युत पूर्वस्थितीत परतणे प्रामुख्याने हर्ग वाहिनीवर अवलंबून नसल्याने तेथे क्यूटी न लांबणे हा निर्वाळा ठरत नाही. त्यासाठी गिनीपिग किंवा ससा तरी हवा. कुत्र्यांचे प्रयोग येथे व्हावेत असा आग्रह कोणी धरू नये. खर्च आणि नीती, दोन्ही आड येतात. शिवाय मार्च २०२३ च्या नियमदुरुस्तीने मानवी पेशींवरील चाचण्यांना देशात वाट मोकळी केली आहे, मात्र त्यातही एकाच दात्याच्या पेशींच्या पन्नास वाट्या म्हणजे पन्नास माणसे नव्हेत. तेव्हा धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी एक नियम स्वतःहून करावा: प्राणी नीतिसमितीपुढे जाणाऱ्या प्रस्तावावर संख्याशास्त्रज्ञाची सही असावी आणि किती मिलिसेकंदांचा फरक ओळखता येईल, हे त्यात प्रयोगाआधीच लिहिलेले असावे.