रिकाम्या पानांचा दोष कोणाच्या माथी?

भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी यांपैकी कुठल्याही तालुक्यातले एखादे लहान गाव मराठी विकिपीडियावर काढून पाहा. गाव जालना जिल्ह्यातल्या अमुक तालुक्यात आहे, एवढे वाक्य बहुतेक वेळा भेटते. खाली ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’ असे मथळे ओळीने मांडलेले आणि त्यांखाली बहुधा काहीच नाही. अशी पाने पुढे करून तीन आक्षेप घेतले जातात. कोणीही लिहितो, म्हणून हा कोश विश्वासार्ह नाही. सुरुवातीचा मोकळेपणा जाऊन आता नियमांचा जाच उरला. आणि एका ओळीचे लेख म्हणजे निव्वळ खोगीरभरती. तिन्हींत तथ्याचा अंश आहे. पण त्यावरून हा कोशच आपल्या कामाचा नाही असे ठरवणे साफ चूक आहे.

पहिला आक्षेप विश्वासाचा. केवळ तज्ज्ञांनी लिहायचे, ही वाट विकिपीडियाच्या कर्त्यांनी आधी चालून पाहिली होती. 2000 साली त्यांनी ‘न्यूपीडिया’ काढला. लेखाला तपासणीचे सात टप्पे होते आणि वर्षभरात जेमतेम वीस-बावीस लेख पार पडले. जानेवारी 2001मध्ये सर्वांना दार उघडले, तेव्हा पहिल्याच वर्षात लेख वीस हजारांच्या घरात गेले. आपल्याकडे केतकरांचा 23 खंडांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभारलेला विश्वकोश ही थोर कामे आहेत. त्यांचे ऋण मान्यच. पण विश्वकोशाचा पहिला खंड 1976चा आणि जालना जिल्हा जन्मला 1 मे 1981 रोजी, औरंगाबाद आणि परभणीचे तालुके तोडून. छापून झालेल्या खंडाला असा बदल नोंदवायला नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. 2023मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली, ती नोंद विकिपीडियावर करायला एक वाचक आणि पाच मिनिटे पुरतात. शिवाय कोणी, कधी, काय बदलले हे ‘इतिहास’ या कळीवर कोणालाही तपासता येते. चूक दोन्हीकडे होते. विकिपीडियावर ती कोणाकडून झाली हेही दिसते आणि वाचकाला ती स्वतः दुरुस्त करता येते.

दुसरा आक्षेप नियमांचा. हे नियम ठेचा खाऊन आले आहेत. 2005 साली जॉन सायगेनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या लेखात केनेडींच्या हत्येशी त्यांचे नाव जोडणारा खोटा मजकूर कोणीतरी घातला आणि तो महिनोन्‌महिने तसाच राहिला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख सुरू करण्यासाठी खाते काढणे सक्तीचे झाले, संदर्भाचा आग्रह वाढला. पहिल्या वर्षांतली मोकळीक रम्य होती हे खरे. तिची किंमत मात्र एका निरपराध माणसाने मोजली. नवख्याचे लेखन एका फटक्यात उडवणे चूकच, त्याला चर्चापानावर समजावून सांगितले पाहिजे. त्यासाठी वागणूक सुधारावी, नियम सोडू नये.

आता तिसरा आक्षेप. 2002 साली एका संगणकीय सांगकाम्याने जनगणनेच्या आकड्यांवरून अमेरिकेतल्या गावांचे तीस हजारांहून अधिक लेख इंग्रजीत तयार केले. तेव्हाही हीच ओरड झाली होती. पण पान तयार होते म्हणूनच त्या त्या गावच्या माणसांनी त्यात भर घातली. 1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज लाखाच्या आसपास लेखांपर्यंत आला आहे. मग आपली पाने रिकामी का?

उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 23 सप्टेंबर 1803च्या असईच्या लढाईवर इंग्रजीत सविस्तर लेख आहे, कारण इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची पत्रे आणि खलिते छापले गेले. त्याच परिसरात 1972च्या दुष्काळात सरकारी कामावर कुठला पाझर तलाव झाला, गावची शाळा कोणी उभी केली, मोसंबीची पहिली बाग कोणी लावली, हे म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे आणि छापलेले कुठेच नाही. कोश संदर्भ मागतो. संदर्भ तयार करणे हे आपले काम आहे आणि ते आपण केलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. महाविद्यालयांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एकेक गाव वाटून द्यावे. जुन्या माणसांकडून ऐकलेले ताडून घ्यावे, ग्रामपंचायतीचे दप्तर आणि शाळेची जुनी रजिस्टरे पाहावीत. ते आधी स्मरणिकेत, जिल्ह्याच्या दैनिकात, तालुक्याच्या इतिहासात छापावे आणि मग संदर्भासह पानावर चढवावे. जांब समर्थ, राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी यांच्याबद्दल लिहिणारे मिळतील. आडबाजूच्या गावाला त्याच्याच लेकरांवाचून कोणी नाही. पहिल्या पिढीतल्या स्वयंसेवकांनी, मराठी टंकलेखनच अवघड होते त्या काळात, फुकट राबून हा कोश उभा केला. त्यांनी आपल्या गावासाठी जागा राखून ठेवली आहे. ती भरण्याची जबाबदारी आता जालनेकरांची आहे.