जांभळे जोडे आणि चाळीस रात्री

बालमित्रांनो, डोक्यावरच्या मुकुटावरून राजा ओळखतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण पायांतल्या जोड्यांवरून? बायझंटाईन साम्राज्यात तसंच होतं, बरं का! तिथे जांभळे जोडे फक्त सम्राटानंच घालायचे.

या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टॅन्टिनोपल, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इस्तंबूल. १०७१ साली मान्झिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी इथल्या सम्राटाला हरवून कैद केलं. तेव्हापासून साम्राज्याची घडी विसकटली. सोन्याच्या नाण्यांतलं सोनंसुद्धा कमी कमी होत चाललं. गादीवर होता वृद्ध सम्राट निकेफोरस.

त्याचा तरुण सेनापती आलेक्सियस कॉम्निनस हा लष्करी घराण्यातला सरदार. सम्राटाविरुद्ध उठलेली बंडं त्यानंच मोडून काढली होती. पण दरबारी मंडळींना त्याचं यश खुपू लागलं. आपले डोळे काढण्याचा बेत शिजतोय, अशी कुणकुण त्याला आणि त्याचा भाऊ आयझॅक याला लागली. फेब्रुवारी १०८१ मधल्या एका रात्री दोघांनी शाही तबेल्यातले घोडे घेतले आणि थेट सैन्य गाठलं. घरातल्या बायकांना घेऊन त्यांची आई आना दलासेन हागिया सोफिया या मोठ्या चर्चच्या आश्रयाला गेली.

सम्राट कोणी व्हायचं? आयझॅक थोरला होता. पण त्यानं स्वतःच्या हातानं धाकट्याच्या पायांत जांभळे जोडे चढवले!

राजधानीची तटबंदी मोठी बळकट. मग पहाऱ्यावरचे जर्मन शिपाई फितवले गेले आणि १ एप्रिलला सैन्य आत शिरलं. पुढे जे घडलं ते वाईट होतं. सैनिकांनी आपल्याच राजधानीतली घरं आणि चर्च लुटली. निकेफोरस गादी सोडून मठात गेला. ४ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, आलेक्सियसला राज्याभिषेक झाला.

पण त्या लुटीचं काय? नव्या सम्राटानं धर्मगुरूंपुढे दोष कबूल केला. चाळीस दिवस उपास केले, अंगाला गोणपाट लावलं, रात्री जमिनीवर दगड उशाला घेऊन झोपला.

हे सारं लिहून ठेवलं त्याच्या लेकीनं, आना कॉम्निनीनं. ती जन्मली १०८३ साली, म्हणजे हे सगळं घडून गेल्यावर. वडिलांचं कौतुक तिनं भरपूर केलंय, पण लूट मात्र लपवली नाही.

आलेक्सियसनं १११८ पर्यंत राज्य केलं. नवं, चांगल्या सोन्याचं नाणंही पाडलं. मात्र ज्यांची घरं लुटली गेली, त्यांना त्या चाळीस रात्रींनी काय मिळालं? तुम्हांला काय वाटतं? आज जेवताना आईबाबांनाही विचारा. आणि हो, उत्तर वेगळं आलं तर भांडू नका हं!