जुनी द्रोणी, नवे कापड

कोथरूडमध्ये तळमजल्यावरील दोन खोल्यांत चिकित्सालय थाटणाऱ्या तरुण वैद्यांची संख्या आज मोठी आहे. कर्वे रस्ता, डहाणूकर कॉलनी किंवा पौड रस्त्याच्या आतील गल्ल्यांत जागेची अनामत भरता भरताच हाताशी असलेली पुंजी निम्मी होते. उरलेल्या पैशांत पंचकर्माची खोली उभी करावयाची, म्हणजे काटकसर आलीच. आमचा आक्षेप काटकसरीला नाही. ती भलत्या ठिकाणी होते, याला आहे. फायबरची चकचकीत द्रोणी हप्त्यांवर नवी कोरी घेतली जाते आणि चादरी, पंचे, पोट्टलीचे कापड मात्र जेथे स्वस्त मिळेल तेथून, प्रसंगी एखाद्या बंद पडलेल्या लॉजमधील वापरलेल्या मालातून, उचलले जाते. आमच्या मते हा क्रम नेमका उलटा हवा.

लाकूड आणि धातू जुने घेण्यात काहीही कमीपणा नाही. तेल मुरलेली लाकडी द्रोणी, तिला चीर नसेल तर, पुढे कैक वर्षे सेवा देते. जुन्या तेलाचा खवट वास येत असल्यास सोड्याच्या गरम पाण्याने घासून चार दिवस सावलीत व मग उन्हात वाळवावी. एकदम कडक उन्हात ठेवल्यास लाकूड तडकते. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी व रविवारी धीराने शोध घेणाऱ्याला पितळेची पातेली, लोखंडी कढया, खलबत्ते मिळतात. ऑगस्ट २०२३ पासून वनाझहून मेट्रोने मंगळवार पेठ स्थानकापर्यंत थेट जाता येते, त्यामुळे ही पायपीटही आता फारशी उरलेली नाही. (परतताना खल मांडीवर घेऊन बसावे लागते, ते निराळे.) तांब्या-पितळेच्या भांड्याला पोचे असतील तर कसब्यातील तांबट आळीत ते ठोकून घेता येते, आंबट द्रव्यांसाठी वापरावयाचे असल्यास कल्हई मात्र चुकवू नये. खलाच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या खलात पूर्वी काय मर्दन झाले, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. पारदाचे किंवा विषद्रव्याचे मर्दन झालेला सच्छिद्र दगडी खल कितीही धुतला तरी निर्धोक म्हणता येत नाही. पोटात घ्यावयाच्या चूर्णासाठी असा अनोळखी खल घेऊच नये. जुना वजनकाटा घेतल्यास वैधमापनशास्त्र खात्याकडून पडताळणी व शिक्का करून घ्यावा.

कापडाचा विचार वेगळा. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ५व्या अध्यायात औपसर्गिक रोग एकाकडून दुसऱ्याकडे कसे जातात हे सांगताना सहशय्या, सहआसन यांच्याबरोबर वस्त्राचाही स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि तोही कुष्ठाच्या प्रकरणात. आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांत त्वग्विकाराचे रुग्ण थोडे नसतात. ज्या कापडाचा पूर्वेतिहास आपणांस माहीत नाही, ते स्नेहन केलेल्या उघड्या अंगाखाली अंथरणे हे शास्त्राला धरून नाही. चिकित्सालयातील चादरसुद्धा प्रत्येक रुग्णागणिक उकळत्या पाण्यातून निघालीच पाहिजे. हे उकळणे वर्षानुवर्षे सोसते ते जाड सुती कापड.

येथेच आम्ही स्वतः फसलो आहोत. 'शुद्ध सुती' म्हणून घेतलेल्या एका ठोक मालातील कापडाची पोट्टली पत्रपिंड स्वेदासाठी तापल्या कढईत टेकवताच तळाशी चिकटली आणि आक्रसली. रुग्णाच्या अंगाला ती लागली नाही, हे आमचे सुदैव. त्या दिवसापासून दुकानातच काठाचे चार धागे मागून घेण्याची व ते जाळून पाहण्याची सवय आम्ही लावून घेतली. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ, करडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर कठीण मणी उरतो. मिश्र धाग्यात राखेत कठीण कण लागतात. लोकर व रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. सूत्रस्थानाच्या १८व्या अध्यायात बंधद्रव्ये सांगताना क्षौम, कार्पास, आविक, कौशेय अशी नैसर्गिक धाग्यांची मालिकाच दिलेली आहे. त्यांतील कार्पास आजही सर्वांत स्वस्त आहे. साधा मांजरपाट घ्यावा. खळ काढण्यासाठी दोनदा उकळल्याखेरीज वापरू नये, कारण खळीच्या कापडातून ना काढा नीट गळतो, ना चूर्ण वस्त्रगाळ होते. चादरी व टॉवेल सोलापूरचे घ्यावेत. सर्वांगाला पांघरावयास धनगरी घोंगडी उत्तम, पण ती उकळता येत नाही. म्हणून आत सुती चादर हवीच.

औषधनिर्मिती करणाऱ्या बंधूंसाठी याला एक अपवाद आहे, आणि तो आनंदाचा आहे. शरावसंपुटाच्या संधिबंधनाला किंवा काचकूपीवर चढवावयाच्या सात कापडमातींना जुने, विरलेले धोतरच सरस ठरते. ते माती चटकन पिते व घट्ट बसते. मात्र तेथेही धागा सुतीच हवा. कृत्रिम धागा आचेने आक्रसतो, मातीला भेग पडते आणि रससिंदुराची कूपी व त्यातील पारद दोन्ही हातचे जातात. घरातील जुनी धोतरे व सुती साड्या बोहारणीला देण्यापूर्वी निर्मितीशाळेत विचारून पाहावे.

एक गोष्ट धुलाईची. तेलकट पंचे यंत्रात गरम वाळवून तसेच ढिगाने रचून ठेवण्याची पद्धत आता दिसू लागली आहे. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या आपोआप पेटतात हे रंगारी जाणतात. तिळाचे तेलही हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते आणि दाट ढिगात ती साठत जाते. पंचे आधी सोड्याच्या गरम पाण्यात भिजवावेत, मोकळ्या हवेत वाळवावेत व पूर्ण थंड झाल्यावरच घड्या घालाव्यात.

किरकोळीत मांजरपाट महाग पडतो, ही तक्रार खरी आहे. रविवार पेठेतील कापडगंजातून अख्खा ताका घेतल्यास मीटरमागे बरीच बचत होते, पण एका लहान चिकित्सालयाला अख्खा ताका लागत नाही. म्हणून कोथरूड-कर्वेनगर भागातील सभासदांनी दिवाळीपूर्वी एकत्र खरेदी करावी, अशी आमची सूचना आहे. प्रत्येकाने आपली मीटरची गरज कळवावी. धागा जाळून पाहण्याचे काम आम्ही करू.