आलं... गेलं... आलं!

 

परवा तुमच्यातल्याच एकीचं पत्र आलं. विचारते, "मावशी, तुमच्या लहानपणी टीव्हीला रिमोट नव्हता म्हणे. मग तुम्ही चॅनल कसं बदलायचात?" अगं, बदलायचं कशाला? होतंच मुळी एक! ते दिसलं तरी गंगेत घोडं न्हालं, अशी परिस्थिती.

आमच्या घरी टीव्ही आला १९८४ च्या दसऱ्याला. मी तेव्हा पाचवीत होते. पुण्यात पेठेतला आमचा वाडा, दोन मजली, कौलारू, आत नऊ बिऱ्हाडं. बाबांनी भिशीचे पैसे घातले, थोडे आजीकडून घेतले आणि रिक्षातून तो लाकडी खोका घरी आणला. काळा-पांढरा टीव्ही, बरं का! त्याला कपाटासारखं सरकतं शटर होतं, शटरला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली आजीच्या कनवटीला. आईनं त्याला झेंडूची माळ घातली. आजीनं आपट्याचं पान ठेवलं. पोस्टात जाऊन टीव्हीचा परवानासुद्धा काढावा लागला. हो, तेव्हा घरात टीव्ही ठेवायला सरकारी परवाना लागायचा! ती पद्धत पुढे लवकरच बंद झाली.

सगळं झालं. बटण दाबलं. आणि पडद्यावर काय दिसलं असेल? मुंग्या! नुसत्या पांढऱ्या-काळ्या मुंग्या आणि खर्र्र आवाज.

(जाता जाता एक गंमत सांगते. त्या मुंग्यांमधला अगदी थोडासा भाग विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या प्रारणाचा असतो. ते प्रारण १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांनी ओळखलं आणि पुढे त्यांना नोबेल मिळालं. आम्हाला हे कुठलं ठाऊक? आम्ही आपले टीव्हीच्या डोक्यावर थापा मारत बसलो होतो.)

मुंग्या होत्या, कारण अँटेना अजून भिंतीला टेकून उभी होती. मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्याला तेच कार्यक्रम दिसायला लागले १९७३ मध्ये, आणि त्यासाठी प्रक्षेपणाचा मनोरा उभारला चक्क सिंहगडावर. गडावरच का? तर टीव्हीच्या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून मनोरा जितका उंचावर, तितका त्याचा पल्ला लांब. त्यामुळे पुण्यातल्या कौलांवरच्या झाडून साऱ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे मोठमोठे कंगवेच म्हणा ना! त्यांचं तोंड जरा जरी फिरलं तरी चित्र गेलंच.

मग संध्याकाळ झाली की प्रत्येक वाड्यातून आरोळ्या ऐकू यायच्या. एक जण कौलांवर, एक चौकात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं... गेलं! अरे, मागे फिरव!" अर्धा अर्धा तास हा तमाशा चालायचा.

आमच्या वाड्यात मात्र आरडाओरडा नसे. त्याचं कारण वरच्या मजल्यावरचा दादा.

दादा असेल सतरा-अठरा वर्षांचा. कौलांवर मांजरासारखा चालायचा, एक कौल फुटायचं नाही. त्याला जन्मापासून ऐकू येत नसे, त्यामुळे बोलताही येत नसे. वाड्यातली काही मोठी माणसं त्याला जे म्हणायची ते मी इथे लिहीत नाही. मूकबधिरांच्या शाळेत तो शिकला होता आणि छापखान्यात खिळे जुळवायला जायचा. खिळे म्हणजे छपाईची शिशाची उलटी अक्षरं. ती तो तुम्ही सुलटं वाचाल त्याहून भराभर वाचायचा.

त्यानंच आमची अँटेना चढवली. ओरडून उपयोग नाही, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. आजी टीव्हीपुढे, मी चौकात. चित्र आलं की मी दोन्ही हात वर करायचे. गेलं की हाताची फुली. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे याला एकेक बोट. पाच मिनिटांत काम फत्ते! पडद्यावर बातम्या सांगणारा माणूस लख्ख दिसायला लागला आणि आजीनं सगळ्या वाड्याला साखर वाटली.

आता पुढचं सांगायला मला अजूनही अवघड जातं. पण सांगते.

शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा. आमची बाहेरची खोली गच्च भरायची. कोणी खाटेवर, कोणी खाटेखाली, उरलेले दारात. माझ्या वर्गातल्या एकीच्या वाड्यात म्हणे टीव्ही बघायचे दहा पैसे घेत. मला ती कल्पना फारच आवडली. पुढच्या शनिवारी मी कंपासपेटी घेऊन दारात उभी राहिले. मोठी माणसं आधीच आत जाऊन बसली होती, पोरांना मी एकेक करून अडवलं. बारा जणांनी दिले. आणि तेराव्या नंबरला दादा आला. छापखान्यातून येऊन हातपाय धुऊन, केस विंचरून आलेला.

मी हात पुढे केला. त्याला वाटलं, मी हात मिळवायला आलेय. त्यानं हसून माझा हात हातात घेतला. मागची पोरं फिदीफिदी हसली. मग मी कंपासपेटी उघडून त्याला आतली नाणी दाखवली.

त्याला कळलं. त्यानं खिसा चाचपला. खिशात काही नव्हतं. मग त्यानं एकदाच बोट वर केलं, छपराकडे, आणि वळून जिना चढून गेला.

अँटेनेकडे होतं ते बोट. मला तेव्हाच समजलं होतं. तरी मी आत जाऊन सिनेमा बघत बसले.

मध्येच आईला कंपासपेटीची खुळखुळ ऐकू आली. "काय गं आहे त्यात?" मी सांगितलं. आई काही बोलली नाही. उठली, ऐन रंगात आलेल्या सिनेमावर शटर ओढलं आणि म्हणाली, "ज्याचे त्याचे परत कर. आणि वर जाऊन ये." एक रुपया वीस पैसे मी मोजून परत केले. पोरं माझ्यावरच चिडली, कारण सिनेमा बुडाला!

वर गेले तर काकू म्हणाल्या, "झोपलाय तो." झोपला नव्हता. खिडकीत बसला होता. "चुकलं" हे खुणेनं कसं सांगतात ते मला येत नव्हतं. मी आपले दोन्ही कान धरून उभी राहिले. त्यानं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर दादा खाली आला नाही. दोन दिवसांनी वारा सुटला आणि अँटेना फिरली. पडद्यावर प्रत्येक माणसाशेजारी त्याचं फिकट भूत दिसायला लागलं. भूत म्हणजे काय, तर तीच लहर एखाद्या इमारतीवर आपटून जराशा उशिरानं अँटेनेत शिरते आणि दुसरं चित्र काढते. बाबा म्हणाले, "मी बघतो." ते वर चढले, चार कौलं फोडली आणि भूत होतं तिथेच राहिलं. दादाला बोलवा, असं कोणी म्हणेना. मी तर नाहीच.

३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली. ३ नोव्हेंबरला त्यांची अंत्ययात्रा दूरदर्शननं दिल्लीहून थेट दाखवली. तोही शनिवारच. बाबा सकाळीच स्वतः वर गेले आणि दादाला घेऊन आले. काय बोलले, कसं बोलले, मला माहीत नाही. दादा आधी कौलांवर गेला. मी चौकात उभी राहिले. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी हात वर केले.

त्या दिवशी आमच्या खोलीत सगळा वाडा होता. एरवी एकमेकांशी न बोलणारेसुद्धा. दादा माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसला. निवेदक बोलत होता, लोक डोळे पुसत होते, आणि दादा एकेका चेहऱ्याकडे बोट करून भुवया उंचावत होता. हे कोण? आणि हे? मी धावत जाऊन पाटी आणली. 'राजीव गांधी' असं लिहिलं. पुसलं. 'मार्गारेट थॅचर, इंग्लंडच्या पंतप्रधान' असं लिहिलं. त्यानं पेन्सिल घेतली आणि माझा 'थॅ' दुरुस्त केला. छापखान्यातला माणूस तो!

तेव्हापासून पाटी टीव्हीशेजारीच राहिली. बातम्या लागल्या की मी लिहायचे, दादा वाचायचा. भराभर लिहिताना माझी फार तारांबळ उडायची आणि त्याला त्याची फार गंमत वाटायची. जानेवारी १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, तेव्हा पाटीची गरजच पडली नाही. उलट पुढे काय होणार ते तोच खुणांनी आधी सांगून टाकायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायचा.

त्याच सुमारास दूरदर्शननं रविवारी दुपारी आणखी एक कार्यक्रम सुरू केला. कर्णबधिरांसाठी बातम्या. मी आठवीत होते. सवयीनं पाटी मांडीवर घेऊन बसले. पडद्यावर निवेदक आल्या आणि हातांनी बोलायला लागल्या. दादानं माझ्या मांडीवरची पाटी उचलून बाजूला ठेवली. तो पुढे सरकला, पार पडद्याजवळ. त्याच्या पाठीमुळे आम्हाला अर्धं दिसेना, पण कोणी हूं की चूं केलं नाही. आजीनं हळूच मला विचारलं, "काय म्हणतात गं त्या?" मी म्हटलं, "आवाज येतोय की, आजी."

तेवढ्यात दादा उठला आणि आवाजाचं बटण फिरवून त्यानं पार बंद केलं. मग आमच्याकडे तोंड करून बसला आणि त्या दिवशीच्या बातम्या आम्हाला सांगायला लागला.